एकाच माणसाची दोन वयं

३० सप्टेंबर २०२१ची सकाळ. उत्तर जर्मनीतल्या क्विकबोर्न गावच्या वृद्धाश्रमात राहणाऱ्या एका बाईंनी टॅक्सी बोलावली. वय ९६. टॅक्सीने त्या जवळच्या नॉर्डरश्टेट मेट्रो स्टेशनकडे गेल्या आणि तिथून दिसेनाशा झाल्या. त्याच सकाळी इट्झेहो गावात न्यायाधीश, वकील आणि देशोदेशीचे पत्रकार त्यांची वाट पाहत बसले होते. वय आणि प्रकृती पाहता आपण येणार नाही, असं बाईंनी न्यायालयाला पत्राने आधीच कळवलं होतं. पण म्हणून त्या खरोखरच पोलिसांच्या हातावर तुरी देतील, असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. न्यायाधीशांनी भर न्यायालयात आरोपी फरार असल्याचं जाहीर केलं आणि अटक वॉरंट काढलं. काही तासांनी बाई हॅम्बुर्गमध्ये सापडल्या. पाच दिवस त्यांना कोठडीत ठेवलं. पुढे मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून सोडलं.

त्यांचं नाव इर्मगार्ड फुर्श्नर. आरोप होता हजारो खुनांना मदत केल्याचा. जून १९४३ ते एप्रिल १९४५ या काळात त्या श्टुटहोफ छळछावणीच्या प्रमुखाकडे टायपिस्ट होत्या.

ही बातमी मी वाचली तेव्हा फरार होण्यापेक्षाही दुसऱ्याच एका ओळीपाशी अडकलो. खटला युवक न्यायालयात चालणार, असं त्या ओळीत म्हटलं होतं. पोरांच्या न्यायालयात, ९६ वर्षांच्या बाईंचा! छापताना काही चूक झाली असावी असं वाटून मी पुन्हा वाचलं. चूक नव्हती. मग या एका ओळीचा माग काढत मी जर्मन कायद्याच्या सत्तर वर्षांच्या इतिहासात शिरलो आणि अजून पुरता बाहेर आलेलो नाही.

कायदा आरोपीचं वय मोजतो ते गुन्ह्याच्या तारखेला. त्यानंतर खटला कधी उभा राहिला, याच्याशी त्या मोजणीला कर्तव्य नाही. आपल्याकडेही तत्त्व हेच आहे. आरोपी अल्पवयीन होता का, हे घटनेच्या दिवसावरून ठरतं, आणि खटला कितीही पुढे गेलेला असला तरी तो मुद्दा मांडता येतो. जर्मनीत १४ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी युवक न्यायालयं आहेत, आणि १८ ते २० वयाची, धड लहान नाहीत आणि धड मोठीही नाहीत अशी मुलंही त्यांच्याच पुढे येतात. फुर्श्नरबाई छावणीत कामाला लागल्या तेव्हा १८ वर्षांच्या होत्या आणि नोकरी संपली तेव्हा १९. त्यामुळे कायद्याच्या लेखी आरोपीच्या बाकावर एक १८-१९ वर्षांची मुलगी बसलेली होती. डोळ्यांना दिसत होती ती व्हीलचेअरवरची, डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी.

या न्यायालयांची रचना पाहिली की आणखी नवल वाटतं. न्यायाधीशांच्या जोडीला सामान्य नागरिकांतून निवडलेले सदस्य बसतात, आणि युवक न्यायालयात हे नागरिक मुलं वाढवण्या-शिकवण्याचा अनुभव असलेले असावेत, असं कायदाच सांगतो. कारण या न्यायालयाचा हेतू मुलाला वळण लावणं हा आहे. जे वळण १९४३ साली चुकलं, त्याचा हिशेब २०२१ साली मांडायला पाच माणसं बसली.

कायद्याचं दुसरं घड्याळ मात्र आजची वेळ दाखवतं. आरोपीला आपल्यावर काय आरोप आहे ते कळलं पाहिजे, साक्षीदार काय बोलतोय ते समजलं पाहिजे, आपल्या वकिलाला चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत. एवढं जमत असेल तर तो खटल्याला उभा राहण्याइतका सक्षम. हे न्यायालय डॉक्टरांच्या अहवालावरून ठरवतं. ९०च्या पुढच्या आरोपींबाबत डॉक्टर बहुधा असा निर्वाळा देतात की चालेल, पण दिवसाला दोन तास किंवा फार तर तीन. म्हणून हे खटले महिनोन्‌महिने चालतात. सकाळी सगळा लवाजमा जमतो, दोन तास कामकाज होतं, अँब्युलन्सवाले थांबलेलेच असतात आणि आरोपी परत वृद्धाश्रमात. एखाद्या वृद्धाची प्रकृती मध्येच ढासळली तर सगळं तिथेच थांबतं. म्युन्स्टरमध्ये २०१८ साली श्टुटहोफच्याच एका माजी पहारेकऱ्यावर सुरू झालेला खटला असाच अर्धवट राहिला.

मग साहजिकच विचारावंसं वाटतं की इतका उशीर का? ती मुलगी २९ वर्षांची होती तेव्हा सगळे कुठे होते?

खरं तर २९व्या वर्षी ती न्यायव्यवस्थेसमोर आलेलीच होती, साक्षीदार म्हणून. १९५४ साली तिने जबाब दिला. छावणीप्रमुख पाऊल व्हेर्नर होप्प आपल्याला रोज मजकूर सांगत असे, आणि बर्लिनच्या वरिष्ठ एसएस कार्यालयाशी होणारा सगळा पत्रव्यवहार आपल्या टेबलावरून जात असे, हे तिनेच सांगितलं होतं. माणसं मारली जात होती हे मात्र कधी कळलं नाही, असंही ती म्हणाली. जबाब फायलीत गेला आणि बाई घरी गेल्या. खुद्द होप्पला १९५७ साली नऊ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० साली तो सुटलाही. छावणीचा प्रमुख एवढ्यात सुटतो म्हटल्यावर त्याच्या टायपिस्टला कोण विचारणार?

पण ढिलाई हे एकच कारण नव्हतं. कायद्यातच दोन भिंती उभ्या होत्या आणि त्या पाडायला दोन पिढ्या गेल्या.

पहिली भिंत मुदतीची. पश्चिम जर्मनीत खुनाच्या गुन्ह्यातही खटला भरायला वीस वर्षांची मुदत होती. युद्ध संपलं मे १९४५मध्ये, म्हणजे मे १९६५मध्ये सगळे नाझी खुनी कायमचे निर्धास्त होणार होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये संसदेत जोरदार चर्चा झाली आणि वीस वर्षं १९४५ऐवजी १९५०पासून मोजायची, असं ठरलं. पाच वर्षं मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९६९ साली, मुदत तीस वर्षांची केली. तीही संपत आली, आणि मग ३ जुलै १९७९ रोजी खुनासाठी मुदत ही गोष्टच काढून टाकली गेली. एक देश तीनदा काठावर येऊन थांबला. यातल्या एकाही वेळी मतदान उलटं गेलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ही झाली उघड दिसणारी भिंत. दुसरी कुणाला दिसलीच नाही. तिची गोष्ट वाचताना माझा विश्वास बसेना. १९६८ साली एक अगदी रुक्ष कायदा मंजूर झाला. वाहतुकीचे दंड आणि तत्सम किरकोळ नियमभंग फौजदारी कायद्यातून वेगळे काढण्यासाठीचा तो कायदा. संसदेत त्यावर कुणी आवाज चढवला नाही. त्यात एक छोटं कलम होतं. खुनाला मदत करणाऱ्याच्या मनात स्वतःचा असा हीन हेतू नसेल तर त्याला शिक्षा कमी द्यावी, असं ते सांगत होतं. ऐकायला न्याय्यच वाटतं. पण ग्यानबाची मेख पुढे आहे. शिक्षा कमी झाली की त्या गुन्ह्याची मुदतही कमी होते. ती पंधरा वर्षांवर आली, आणि १९४५पासून मोजली तर १९६० सालीच संपलेली निघाली! शिवाय तेव्हाची जर्मन न्यायालयं हिटलर, हिमलर, हायड्रिख यांना खरे खुनी मानत आणि बाकी जवळजवळ सगळ्यांना ‘मदतनीस’. त्यामुळे १ ऑक्टोबर १९६८ला तो कायदा लागू झाला आणि ज्यांनी बर्लिनमधल्या टेबलांमागे बसून हत्याकांडाचे आदेश काढले, त्यांच्याविरुद्ध तयार होत असलेला प्रचंड खटला एका फटक्यात कोसळला. ज्या खात्यातून हे कलम आलं तिथले एक बडे अधिकारी होते एडुआर्ड ड्रेहर. नाझी राजवटीत ते इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. कलम जाणूनबुजून घातलं की नजरचुकीने, यावर इतिहासकार अजून वाद घालतात. मला मात्र तो वाद सुटण्याची गरज वाटत नाही. त्या कलमाने सुटलेली माणसं पुढे शांतपणे पेन्शन घेत राहिली, आणि तेवढंच मला अस्वस्थ करायला पुरतं.

तरी एक फट उरली. हत्याच क्रूरपणे झालेली असेल किंवा बळीला फसवून, बेसावध ठेवून केलेली असेल आणि मदतनिसाला हे ठाऊक असेल, तर मुदतीचा फायदा त्याला मिळत नव्हता. अलीकडे नव्वदी-शंभरीतल्या माणसांवर जे खटले चालले ते सगळे या फटीतून आत आले आहेत. म्हणून त्या न्यायालयांत छावणीतल्या मृत्यूचे बारकावे पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. श्टुटहोफमध्ये एक खोली डॉक्टरच्या तपासणीची म्हणून सजवलेली होती. भिंतीला उंची मोजायची पट्टी होती. कैद्याला वाटे की आपली तपासणी चालली आहे. तो पट्टीला पाठ लावून ताठ उभा राही, आणि मागच्या फटीतून त्याच्या मानेत गोळी घातली जाई. बेसावध ठेवणं म्हणजे काय, हे सिद्ध करायला याहून वेगळं काही लागत नाही.

आणि तिसरी अडचण होती ती न्यायाधीशांच्या विचाराची. फ्रिट्झ बाउअर हे हेसन राज्याचे मुख्य सरकारी वकील. ज्यू, नाझींच्या काळात देश सोडावा लागलेले आणि तरीही परत आलेले. १९६३ ते १९६५ या काळात फ्रँकफर्टला जो आउशवित्झ खटला झाला, त्यामागे त्यांचीच जिद्द होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं. छावणी हे माणसं मारण्याचं एक यंत्र होतं. ते काय करतं हे माहीत असून जो त्याचं एक चाक फिरवत राहिला, तो त्यातून होणाऱ्या प्रत्येक खुनाचा भागीदार. १९६९ साली सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने हे मानलं नाही. कुणी, कधी, कुणाला, कसं मारलं किंवा मारायला मदत केली, ते दाखवा, असा आग्रह धरला. ज्या ठिकाणी साक्षीदार उरूच नयेत अशी व्यवस्था होती, तिथला प्रत्येक खून साक्षीदारासह दाखवायचा! बाउअर तोपर्यंत वारले होते. आउशवित्झमध्ये काम केलेले आणि युद्धातून वाचलेले एसएसचे सुमारे साडेसहा हजार लोक होते. जर्मन न्यायालयांनी त्यातल्या जेमतेम पन्नासेक जणांना शिक्षा सुनावली.

श्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबुर्ग गावात, एका जुन्या महिला तुरुंगाच्या इमारतीत, एक कार्यालय आहे, डिसेंबर १९५८मध्ये सुरू झालेलं. नाझी गुन्ह्यांचा प्राथमिक तपास करणं एवढंच त्याचं काम. तिथे कपाटं भरून कार्डं आहेत. नावांची, गावांची, लष्करी तुकड्यांची. सतरा लाखांच्या आसपास. जुन्या ग्रंथालयांत लाकडी खणांमध्ये असायची तसली. २००६ साली थोमास वाल्टर नावाचे एक न्यायाधीश तिथे रुजू झाले. निवृत्ती जवळ आलेली. त्यांनी बाउअर यांचाच विचार पुन्हा हातात घेतला. सोबिबोर ही छावणी फक्त मारण्यासाठी होती. तिथे राबवून घेण्याचं ढोंगसुद्धा नव्हतं. मग तिथल्या पहारेकऱ्याने नेमकं कुणाला मारलं हे विचारायचंच कशाला? तिथे पहारा देणं हीच मदत नव्हे का?

त्यातून जॉन देमयान्युक यांच्यावरचा खटला उभा राहिला. मूळचे युक्रेनचे, पुढे अमेरिकेत मोटारीच्या कारखान्यात कामगार. २००९ साली म्युनिकच्या न्यायालयात त्यांना झोपवून आणलं गेलं. मे २०११मध्ये २८ हजारांहून अधिक खुनांना मदत केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असतानाच ते वारले, त्यामुळे कायदेशीर अर्थाने तो निकाल पक्का झालाच नाही. पण लुडविग्सबुर्गमध्ये पुन्हा कार्डं चाळायला सुरुवात झाली होती. या वेळी अधिकारी सोडून पहारेकरी, कारकून, हिशेबनीस शोधायचे होते, आणि त्यातलेही अजून जिवंत असलेले.

ऑस्कार ग्र्यॉनिंग हा तसा हिशेबनीस. आउशवित्झला आणलेल्या लोकांच्या सामानातले पैसे मोजायचे, चलनांप्रमाणे लावायचे आणि बर्लिनला पाठवायचे, हे त्याचं काम. त्याच्यावरची चौकशी १९८५ साली बंद झाली होती. नाझी अत्याचार झालेच नाहीत म्हणणारे लोक भेटू लागले तेव्हा तो स्वतःच बोलू लागला. मी तिथे होतो, मी ते पाहिलं आहे, असं त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. जुलै २०१५मध्ये ल्युनेबुर्गला, ९४व्या वर्षी, तीन लाख खुनांना मदत केल्याबद्दल त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ती कायम केली. बाउअर यांचं म्हणणं जवळजवळ अर्ध्या शतकाने मान्य झालं. ग्र्यॉनिंग तुरुंगात मात्र गेला नाही. त्याआधीच २०१८ साली तो वारला.

यानंतर खटल्यांची एक विलक्षण रांग लागली. हॅम्बुर्गमध्ये २०२० साली ९३ वर्षांच्या ब्रूनो डाय यांना शिक्षा झाली, तीही युवक न्यायालयातच, कारण छावणीच्या पहाऱ्यावर उभे असताना ते १७-१८ वर्षांचे होते. २०२२च्या जूनमध्ये योझेफ श्युट्स यांना १०१व्या वर्षी पाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यांचा खटला एका क्रीडागृहात चालला. छायाचित्रात ते चेहऱ्यासमोर निळी फाइल धरून बसलेले दिसतात. पहारेकरी म्हणून छावणीत मी नव्हतोच, असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आता पुन्हा इट्झेहोकडे. लोकांची गर्दी होणार म्हणून न्यायालयाने गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतला एक हॉल घेतला होता. तिथे चाळीस दिवस कामकाज चाललं. श्टेफान हर्डलर या इतिहासकाराने अनेक बैठकांत छावणीचा कारभार उलगडून दाखवला. जगातल्या कुठल्याही कचेरीसारखीच ती कचेरी होती. आवक-जावक, शिक्के, कार्बनच्या प्रती, कैद्यांच्या बदल्यांच्या याद्या, तारा. कुठून किती माणसं येणार, आउशवित्झला किती पाठवायची, कुणाला काय पुरवायचं, हे सगळं कागदावर उतरल्याशिवाय एकही आगगाडी हलत नव्हती. श्टुटहोफमध्ये साठ हजारांच्या वर माणसं मेली, बहुतेक उपासमारीने, टायफसने आणि थंडीने. त्यांना तसं मरू देणं हाही एक निर्णय होता आणि त्याचेही कागद होते.

साक्षीदारांपैकी एक गृहस्थ व्हिएन्नाहून आले. वय ८३. छावणीत होते तेव्हा सहा वर्षांचे. त्यांच्या वडिलांना तिथे इंजेक्शन देऊन मारलं. त्यांनी सोबत वडिलांचा फोटो आणला होता आणि तो त्यांनी आरोपीच्या बाकाच्या दिशेने धरला. या चित्रापाशी मी बराच वेळ थांबलो. न्यायालयात समोरासमोर होते ते दोन वृद्ध. पण गुन्ह्याच्या तारखेची वयं लावली तर एक सहा वर्षांचा मुलगा आणि एक १९ वर्षांची मुलगी, आणि मधल्या फोटोत असा माणूस ज्याचं वय पुढे वाढलंच नाही.

खटला वाचायला घेतला तेव्हा, खरं सांगतो, माझ्या मनात आरोपीबद्दल दया होती. इतक्या वर्षांनी एका म्हातारीला ओढत आणून काय मिळवायचं, हेच वाटत होतं. आपल्या घरातली ९६ वर्षांची आजी डोळ्यांसमोर येते, दुसरं काही सुचत नाही. पण उशीर त्या मुलाने केला नव्हता. उशीर देशाने केला, कायद्याने केला, १९६८च्या त्या कलमाने केला. त्या उशिराची सूट आरोपीला मिळावी आणि किंमत त्या मुलाने मोजावी, हे मला पटेना. होप्प सुटला आणि त्याची टायपिस्ट सापडली, हा अन्याय आहेच. पण तो दूर करायचा म्हणून तिलाही सोडलं असतं, तर फोटो घेऊन आलेल्या माणसाला कुठलंच दार उरलं नसतं.

नोव्हेंबर २०२२मध्ये इट्झेहोचे दोन न्यायाधीश हर्डलर यांच्यासोबत पोलंडला गेले. श्टुटहोफ आज पोलंडमध्ये आहे, ग्दान्स्कच्या पूर्वेला. त्यांना एकच गोष्ट पाहायची होती. छावणीप्रमुखाच्या कचेरीतून काय काय दिसतं? अंतरं पाहिली, खिडक्यांतून पाहिलं. नव्याने आणलेल्या कैद्यांना जिथे उभं करत, ती जागा तिथून दिसत होती. दाहगृहाचा वासही कचेरीपर्यंत येत असणार. इथे कामाला असलेल्या माणसाला काही कळलंच नाही हे कल्पनेपलीकडचं आहे, असं न्यायालय निकालात म्हणालं.

बाई खटलाभर गप्प होत्या. डिसेंबरमध्ये, अगदी शेवटी, त्या एकदाच बोलल्या. जे घडलं त्याचं दुःख आहे आणि त्या वेळी आपण श्टुटहोफमध्ये होतो याचा पस्तावा वाटतो, अशा अर्थाची दोन वाक्यं. २० डिसेंबर २०२२ला निकाल लागला. १०,५०५ खुनांना आणि आणखी पाच खुनांच्या प्रयत्नांना मदत. त्या वयात तिची समज पुरती पिकलेली होती असं खात्रीने सांगता येत नाही, म्हणून शंकेचा फायदा देऊन युवकांचाच कायदा लावला. दोन वर्षांची शिक्षा आणि तीही स्थगित, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर घरीच. ९७व्या वर्षी.

बाईंनी अपील केलं. २० ऑगस्ट २०२४ला लाइपझिगमध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने शिक्षा कायम केली. एक टायपिस्टसुद्धा हजारो खुनांची मदतनीस ठरू शकते, हा कायदा त्या दिवशी पक्का झाला. जानेवारी २०२५मध्ये बाई वारल्या, वय ९९.

त्या वेळी हानाऊच्या न्यायालयात आणखी एक फाइल उघडी होती. जाक्सनहाउझन छावणीचा एक माजी पहारेकरी. युद्धाच्या काळात एकवीसच्या आतला, म्हणून पुन्हा युवक न्यायालय. डॉक्टरांनी तो खटल्याला सक्षम नाही असा अहवाल दिला आणि हानाऊने खटला नाकारला. डिसेंबर २०२४मध्ये फ्रँकफर्टच्या वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. तपासणी पुरेशी झालेली नाही, पुन्हा पाहा, असा आदेश दिला. पुन्हा डॉक्टर, पुन्हा तारखा. एप्रिल २०२५मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी तो वारला आणि हानाऊची फाइल बंद झाली.